निर्णयापूर्वीचा काळ : एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती चरित्रांतील ईश्वरी मार्गदर्शनाची प्रतीक्षा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा अभ्यास करताना धर्मांतराचा विषय टाळता येत नाही. मात्र या विषयाची मांडणी बहुधा एका तारखेभोवती फिरते. अमुक व्यक्तीने अमुक साली बाप्तिस्मा घेतला, त्यावरून समाजात खळबळ माजली, वर्तमानपत्रांतून वाद झडले, एवढ्यावर आपली पाठ्यपुस्तके थांबतात. पदव्युत्तर वर्गात हा भाग शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून राहिला. ‘सर, ही माणसे एका रात्रीत बदलली का?’ असा तो प्रश्न होता. प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर तारखांच्या यादीत सापडत नाही. ते दोन तारखांच्या मधल्या काळात शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात नीळकंठशास्त्री गोऱ्हे, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या पाच व्यक्तींच्या जीवनातील या मधल्या काळाचा विचार केला आहे. ख्रिस्ती जीवनात उतावळेपणाने पुढे न धावता ईश्वराचे मार्गदर्शन शोधावे, ही शिकवण या व्यक्तींनी कशी आचरली, तिचे किती प्रकार दिसतात आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहणे हा या लेखाचा उद्देश आहे. लेखाची पद्धती वर्णनात्मक व तुलनात्मक असून आत्मचरित्रे व चरित्रे ही तिची मुख्य साधने आहेत.

प्रतीक्षेची ख्रिस्ती परंपरा

बायबलमध्ये उतावळेपणाचे दुष्परिणाम सांगणाऱ्या कथा अनेक आहेत. वचनपूर्तीला विलंब होतो असे वाटून अब्राहाम व सारा यांनी दासी हागारेच्या द्वारे संततीचा मार्ग काढला आणि त्यातून घरात कलह उत्पन्न झाला. शौल राजाने गिलगाल येथे शमुवेल संदेष्ट्याची वाट न पाहता स्वतःच होमार्पण केले आणि त्याचे राज्य टिकणार नाही असा निर्णय त्याला ऐकावा लागला. मोशेने आपल्या बांधवांच्या कैवारात तरुणपणीच हात उचलला आणि त्याला मिद्यान देशात पळून जावे लागले. त्याच कार्यासाठी त्याला पुढे पाचारण झाले, पण मधला काळ मेंढरे राखण्यात गेला.

नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांत पौलाचा एक प्रसंग आहे. आसिया प्रांतात व बिथुनियात जाण्याचा त्याचा बेत पवित्र आत्म्याने रोखला आणि मग रात्री दिसलेल्या दृष्टान्तावरून तो मासेदोनियाकडे वळला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की पौल निष्क्रिय बसला नव्हता. तो चालत होता, परंतु दार बंद दिसताच थांबण्याची त्याची तयारी होती. प्रतीक्षा व निष्क्रियता यांतील हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

या शिकवणीला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) यांचे स्थान मोठे आहे. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथात जीवनविषयक निवड कशी करावी याचे नियम आहेत. मन उदास व अस्वस्थ असताना आधी केलेल्या निर्णयात बदल करू नये, हा त्यांतील एक प्रसिद्ध नियम होय. त्यांनी स्थापन केलेल्या जेझुइट संघाचे सदस्य फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या संघाने ईश्वरी इच्छेच्या शोधाचे शास्त्र बनविले, त्याच संघातील एका साधकाने मराठी भाषेला पहिले मोठे ख्रिस्ती काव्य दिले. तथापि येथे विचारात घेतलेल्या पाच व्यक्ती प्रोटेस्टंट मिशनांच्या संपर्कातून आलेल्या आहेत. त्यांची भिस्त नियमांवर कमी आणि शास्त्रवाचन, प्रार्थना व सदसद्विवेक यांवर अधिक होती.

घाईचा आरोप आणि न्यायालय

या काळी घाई हा केवळ आध्यात्मिक दोष नव्हता. तो सार्वजनिक वादाचा व कायद्याचाही विषय होता. १८३९ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या शाळेतील पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पारशी समाजाने न्यायालयात धाव घेतली. पुढे १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले.

या प्रकरणाचा मूळ प्रश्न असा होता : मनुष्य स्वतःच्या निर्णयाला केव्हा समर्थ होतो? न्यायालयाने त्याचे उत्तर वय व समज यांच्या आधारे दिले. समाजाने ते कुटुंब व जात यांच्या आधारे दिले. परंतु ज्यांनी निर्णय घेतला त्यांच्या दृष्टीने प्रश्न निराळा होता. हा मार्ग मला ईश्वर दाखवीत आहे, की माझे तारुण्य, माझा बंडखोर स्वभाव अथवा मला शिकविणाऱ्या गुरुजनांविषयीचा आदर मला तिकडे ओढीत आहे, हे कसे ओळखावे? पुढील चरित्रांचे मर्म या प्रश्नात आहे.

गोऱ्हे आणि पदमनजी : बुद्धीची परीक्षा, भयाची परीक्षा

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. त्यांचा ख्रिस्ती धर्माशी आलेला पहिला संबंध विरोधकाचा होता. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून त्यांनी १८४४–४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. ज्या मताचे खंडन करावयाचे त्याचा अभ्यास करता करता त्यांना त्याच मताचा विचार करावा लागला आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. खंडनाचा ग्रंथ आणि बाप्तिस्मा यांमध्ये साधारण तीन वर्षे जातात. विशेष म्हणजे बाप्तिस्म्याने त्यांचा शोध संपला नाही. शंका आणि तर्क यांनी त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. ईश्वरी मार्गदर्शन मिळाले म्हणजे मन निःशंक होते, ही सुलभ समजूत गोऱ्ह्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची प्रतीक्षा वेगळ्या प्रकारची आहे. बेळगावी जन्मलेले व कासार ज्ञातीतील बाबा मिशनच्या शाळांत शिकले. मुंबईत असताना ते परमहंस मंडळीच्या संपर्कात आले. जातिभेद न मानणारी ही मंडळी १८४९ साली स्थापन झाली, परंतु तिचे कार्य गुप्तपणे चाले. बाबांना मूर्तिपूजेविषयी अश्रद्धा व ख्रिस्ती धर्माविषयी ओढ वाटू लागल्यानंतरही बाप्तिस्म्याला पुष्कळ अवधी लागला. अखेर १८५४ साली बेळगाव येथे त्यांनी तो घेतला.

‘अरुणोदय’ (१८८४) या आत्मचरित्रात बाबांनी या विलंबाचे गौरवीकरण केलेले नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. आईवडिलांचे प्रेम, ज्ञातीचे भय, लोकनिंदेची धास्ती या गोष्टी त्यांना मागे ओढीत होत्या. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला जी ‘ईश्वराची वाट पाहणे’ वाटेल ती पुष्कळदा केवळ भीती असू शकते. परमहंस मंडळीचा गुप्तपणा आणि बाबांची चालढकल या एकाच सामाजिक परिस्थितीच्या दोन बाजू होत्या. विचाराने पुढे गेलेला मनुष्य आचाराने मागे राहतो तेव्हा तो स्वतःला ‘अजून वेळ आली नाही’ असे सांगून समाधान करून घेतो. धीर आणि भीरुता यांचे बाह्य रूप सारखेच असते. अंतर फक्त आत असते.

पंडिता रमाबाई : निर्णयानंतरचा शोध

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) जीवनात हा क्रम उलटा दिसतो. पतीच्या निधनानंतर १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या युक्तिवादाचा आपल्यावर प्रभाव पडला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

यानंतरचा त्यांचा व वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. वरवर पाहता तो धर्मसिद्धान्तांविषयी आहे. त्याच्या मुळाशी मात्र ईश्वराचा आदेश कोणाच्या मुखातून ऐकावा, हा प्रश्न आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी दिलेला सल्ला हाच ईश्वरी मार्गदर्शन मानून नवख्या व्यक्तीने तो नम्रपणे स्वीकारावा, अशी सिस्टरांची अपेक्षा होती. रमाबाईंना ती मान्य नव्हती. भारतातील पुरोहितशाहीच्या जोखडातून महत्प्रयासाने मुक्त झाल्यानंतर दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. शास्त्र आपण स्वतः वाचावे आणि सदसद्विवेकाला जे पटेल ते करावे, ही त्यांची भूमिका होती. त्यांना गर्विष्ठ व उतावीळ ठरविणे अधिकाऱ्यांना सोपे गेले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता दुसऱ्याने उच्चारलेला निर्णय घाईने स्वीकारण्यास नकार देणे हीदेखील प्रतीक्षाच होती.

१९०७ साली लिहिलेल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास, म्हणजे आठ वर्षांनी आला. मधल्या काळात त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला, १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील इंग्रजी ग्रंथ लिहिला, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९० साली ते पुण्यास हलविले. अंतरीचा शोध अपुरा असतानाही लोककार्य थांबले नव्हते.

पुढे १८९३ साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार सदनापासून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेतले पाहिजे. सदन धर्मनिरपेक्ष राहील असा विश्वास सल्लागारांनी समाजाला दिला होता. तो ढळला असे त्यांना वाटले. रमाबाईंच्या मते स्वतःच्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करणे हा त्यांचा हक्क होता.

प्रतीक्षा म्हणजे मंदगती नव्हे, हे १८९७ सालच्या दुष्काळात स्पष्ट झाले. मध्य प्रांतातील उपासमारीची वार्ता येताच रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. १८७०च्या दशकात आईवडिलांना अन्नावाचून मरताना त्यांनी स्वतः पाहिले होते. केडगावची जमीन हाताशी होती, पैसा व सोयी मात्र अपुऱ्या होत्या. सिद्धान्ताच्या प्रश्नावर आठ वर्षे थांबणारी ही स्त्री भुकेल्या मुलीच्या प्रश्नावर थांबली नाही. कोठे थांबावे व कोठे थांबू नये, हा विवेक त्यांच्या चरित्रात जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो. मुक्ती मिशनचा जन्म या विवेकातून झाला.

टिळक पती-पत्नी : एकाचा निर्णय, दुसरीची प्रतीक्षा

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या धर्मांतराची कथा मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ग्रंथ वाचावयास घेतला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला. तरीही त्यांनी लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. पत्रव्यवहार, वाचन व प्रार्थना यांत काळ गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. हे विधान ध्यानात घेतले तर दोन वर्षांचा हिशोबही अपुरा ठरतो. त्यांची वाटचाल रेल्वेतील भेटीच्या फार आधी सुरू झाली होती.

टिळकांची ही दोन वर्षे श्रद्धावंताला आदर्श वाटतील. परंतु त्याच घटनेकडे लक्ष्मीबाईंच्या (१८६८–१९३६) बाजूने पाहिले की चित्र पालटते. ईश्वराकडे मार्ग विचारणाऱ्या टिळकांनी पत्नीला मात्र आपल्या निर्णयात सहभागी करून घेतले नाही. बाप्तिस्म्याची बातमी तिच्यावर कोसळली. पदरी लहानगा दत्तू, समाजात ना सधवेचा मान ना विधवेची निश्चिती, अशा अवस्थेत तिने साडेचार वर्षांच्या आसपास काळ नातेवाइकांच्या आधाराने कंठला. यांतील काही काळ ती पंढरपुरास होती. भक्ताने दिलेल्या विटेवर जेथे देवच तिष्ठत उभा आहे, त्या नगरीत या स्त्रीला स्वतःचा मार्ग शोधावा लागला.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून दिसणारे तिचे परिवर्तन अत्यंत सावकाश झालेले आहे. ती नगरला पतीकडे परतली ती पत्नी म्हणून, ख्रिस्ती म्हणून नव्हे. सोवळेओवळे तिने तत्काळ सोडले नाही आणि टिळकांनीही ते सोडण्याची सक्ती केली नाही. तिच्या आचारासाठी वेगळी व्यवस्था ठेवली. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर तिने स्वतःच्या मनाशी झगडा केला. भेद मनुष्यकृत आहे असे पटल्यावर तिने कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय केला. त्यानंतर १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्याचा उपदेश अथवा पतीची आज्ञा यांपैकी कशानेही हा निर्णय घडला नाही. टिळकांनी पहिल्या वेळी जी चूक केली होती ती त्यांनी पुन्हा केली नाही, असे म्हणता येईल. पहिला निर्णय त्यांनी तिला वगळून घेतला. दुसऱ्या निर्णयासाठी त्यांनी तिची वाट पाहिली.

टिळकांच्या जीवनातील शेवटचे मोठे वळणही याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बावीस वर्षे अमेरिकन मराठी मिशनशी संबंध ठेवून, ‘ज्ञानोदया’चे मराठी संपादन व असंख्य पद्यरचना करून झाल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग केला. साताऱ्यास राहून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न त्यांनी आरंभिला. परदेशी संस्थेच्या छत्राबाहेर भारतीय ख्रिस्ती जीवन उभे राहावे ही तळमळ त्यांच्या मनात जुनी होती. निर्णय मात्र पंचावन्नाव्या वर्षी झाला. मृत्यू अवघ्या दोन वर्षांवर होता. येथे एक कठोर प्रश्न विचारावा लागतो. ही प्रतीक्षा परिपक्वतेची होती, की संसाराच्या जबाबदारीने लांबलेली होती? बहुधा दोन्ही. चरित्रे इतकी स्वच्छ विभागलेली नसतात.

साधनांविषयी काही विचार

या विवेचनाला एक मर्यादा आहे व ती स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘अरुणोदय’ बाप्तिस्म्यानंतर तीस वर्षांनी प्रसिद्ध झाले. रमाबाईंची साक्ष चोवीस वर्षांनंतरची आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात, म्हणजे टिळकांच्या धर्मांतरानंतर सुमारे चाळीस वर्षांनी ग्रंथरूपात आले. मागे वळून पाहणाऱ्या श्रद्धावंताला गतायुष्यातील प्रत्येक अडथळ्यात ईश्वराचा हात दिसतो. घडत असताना जो केवळ गोंधळ होता त्याला पुढे ‘मार्गदर्शन’ हे नाव मिळते. रेल्वेतील भाकिताची आठवण राहते, कारण ते खरे ठरले.

म्हणून इतिहासकाराने ईश्वराच्या वाणीची ग्वाही देऊ नये आणि तिचा इन्कारही करू नये. ते त्याच्या साधनांच्या पलीकडचे आहे. परंतु काळाच्या अंतराची ग्वाही तो निश्चित देऊ शकतो. तीन वर्षे, आठ वर्षे, दोन वर्षे, पाच वर्षे हे अवधी स्मृतीने निर्माण केलेले नाहीत. या अवधीत काय वाचले गेले, कोणाशी वाद झाला, कोण दुखावले गेले, हे तपासता येते. धर्मांतर म्हणजे प्रलोभन अथवा क्षणिक भावनावेग, असे सरसकट म्हणणाऱ्यांना आणि ते म्हणजे क्षणात झालेला चमत्कार, असे सांगणाऱ्यांनाही हे अवधी एकाच वेळी उत्तर देतात. अर्थात ही पाच उदाहरणे सुशिक्षित व लेखन करणाऱ्या व्यक्तींची आहेत. दुष्काळाच्या काळात समूहाने मिशनकडे वळलेल्या दलित कुटुंबांना वाट पाहण्याची अशी सवड नव्हती आणि त्यांनी आत्मचरित्रेही लिहिली नाहीत. त्यांच्या निर्णयाला घाईचा म्हणण्यापूर्वी, थांबण्यासाठीही माणसाला अन्न व आसरा लागतो, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, या चरित्रांत बाप्तिस्मा हा प्रवासाचा आरंभ अथवा शेवट नसून एक टप्पा आहे. दुसरा, ईश्वरी मार्गदर्शनाची प्रतीक्षा एकाच स्वरूपाची नाही. गोऱ्ह्यांमध्ये ती बुद्धीची, पदमनजींमध्ये भयावर मात करण्याची, रमाबाईंमध्ये स्वातंत्र्य राखून अर्थ शोधण्याची आणि टिळकांमध्ये वाचन व प्रार्थनेची आहे. तिसरा, प्रतीक्षा व टाळाटाळ यांतील भेद बाह्य वर्तनावरून कळत नाही; प्रतीक्षा करणारा त्या काळात काय करतो यावरून तो थोडाफार कळतो. चौथा व सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी दिला आहे. जो मनुष्य देवाचे मार्गदर्शन धीराने शोधतो त्याने आपल्या माणसांनाही तोच धीर दाखविला पाहिजे. देवासाठी थांबणे आणि शेजारच्या माणसासाठी न थांबणे, ही साधना अर्धीच राहते.

वर्गात विचारल्या गेलेल्या त्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. ही माणसे एका रात्रीत बदलली नाहीत. त्यांच्या रात्री पुष्कळ होत्या आणि त्यांतील काही त्यांनी दुसऱ्यांच्या वाट्यालाही दिल्या होत्या. इतिहासाचे अध्यापन करताना बाप्तिस्म्याच्या तारखेइतकीच त्या रात्रींची नोंद विद्यार्थ्यांसमोर ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.